पांडवापाशी राखलेलं झाड

लिंबारवाडी, नेकनूरजवळ
९ जून

बिभ्या,

पत्राच्या माथ्यावर 'चिरंजीव' लिहायचं असतं, आशीर्वाद लिहायचे असतात. ते सगळं लिहिलं आणि कागद फाडला. चाळिशी गाठलेल्या आणि सख्ख्या बहिणीचा फोन न उचलणाऱ्या माणसाला कसलं चिरंजीव! आशीर्वाद आहेतच, ते काय सांगून द्यायचे असतात?

तुझा पत्ता म्हाळूनं आणला. चारा नाही म्हणून तो मेंढरं घेऊन यंदा पार निझामाबादच्या अंगाला गेला होता. तिथं हळदीच्या वखारीसमोर तू पोती शिवत बसलेला त्याला दिसलास. त्यानं हाक मारली तर तू म्हणालास, "मी त्यो न्हवं." म्हाळू मला म्हणाला, "अक्का, त्योच हाय. बैलानं फाडलेली कानाची पाळी कुटं लपवंल त्यो?" म्हणून वखारीच्या नावानं लिहिते आहे. तू खरंच तो नसलास तर ज्याच्या हाती पत्र पडेल त्यानं ते चुलीत घालावं.

आता बातमी ऐक. गांजा कायदेशीर झाला.

हसू नकोस, मी शुद्धीत आहे. सरकारनं औषधासाठी लागवड करायला परवानगी दिली, पण एकट्यादुकट्याला नाही, सहकारी संस्थेला. मग आपल्याकडे काय झालं असेल ते तुला वेगळं सांगायला नको. कायद्याची शाई वाळायच्या आत अर्जुनरावांनी संस्था काढली. चेअरमन ते स्वतः, सचिव त्यांचा उजवा हात बद्रीनाथ. दूध संस्था बुडाली तेव्हाही हीच जोडी होती, पण ते कोण आठवतंय?

काल मारुतीच्या पारासमोर मांडव घातला होता. फेटे, हार, बँजो, सगळं साग्रसंगीत. टेबलावर कुंडीत एक रोप. त्याला हळदकुंकू वाहून अर्जुनरावांनी नारळ फोडला आणि माईक धरला. "आजपातुर ह्या झाडाला लोकांनी नावं ठिवली. पर ही वनस्पती लई गुणाची हाय. पानी कमी मागती. आपल्या दुष्काळासाठी देवानंच धाडली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, हात आपोआप उठले. मग एकदम तू आठवलास आणि हात पदराखाली घेतले.

याच झाडापायी तू तीन वर्षं आत काढलीस. तेव्हा तुरीच्या ओळींत कुणी लावलं नव्हतं, सांग बरं? साऱ्या शिवारानं लावलं होतं. धाड पडायच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या तुरी स्वच्छ झाल्या. तू बाजाराला गेला होतास, तुला तेवढं कुणी कळवलं नाही. पोलिसांना एक नाव हवं होतं, ते मिळालं. सुटून आलास तर सप्त्याच्या पंगतीत तुझ्या दोन्ही बाजूंना कुणी बसेना. तू ताटावरून उठून घरी आलास आणि म्हणालास, "अक्का, जमीन मोड अन् चल माझ्यासंगं." मी नाही म्हणाले. अजूनही नाहीच म्हणेन. बापानं दोघांना वाटून दिलेलं रान आहे, ते काय भाड्याची खोली आहे का सोडून जायला? तू त्या रागात गेलास तो गेलासच.

पण आता ते सगळं संपलं ना? ज्याच्यासाठी तुला नावं ठेवली त्याच झाडाला लोक हार घालायला लागले. बिभ्या, तू ये. उजळ माथ्यानं ये. पेरणीच्या आत ये. काल मांडवातून घरी आल्यापासून मी एका जागी बसलेली नाही. दारातून बांधावर, बांधावरून दारात. शेजारची छबुबाई म्हणाली, "काय गं, व्यायला झालेल्या गाईवानी फिरायलीस?" तिला काय सांगू!

तुझी,
अक्का

४ जुलै

बिभ्या,

मागच्या पत्रात ये म्हणाले होते. एवढी घाई करू नकोस.

पाऊस नाही. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी चालली आहे. हे सलग दुसरं वर्ष. फाट्यापासूनचा रस्ता खणून ठेवला आहे, चालायचे हाल. घराच्या मागच्या अंगाचा पत्रा वाऱ्यानं उचकटला. तुझ्या खोलीत मी कडबा भरून ठेवला आहे, तू आलास तर झोपायला जागा नाही. प्यायचं पाणी टँकरचं, तेही आलं तर आलं. पाहुणा म्हणून आलास तरी तुला आंघोळीला काय देऊ?

तेव्हा जरा दम धर. मार्गशीर्षातल्या अमावास्येची येळवस होऊ दे. थंडीत प्रवासही बरा.

मी संस्थेची सभासद झाले आहे. माझ्या वाट्याच्या रानात लावते आहे. तुझा वाटा तसाच पडीक आहे, त्यात बाभळी माजल्यात. बाकी सगळं ठीक.

अक्का

१९ जुलै

बिभ्या,

तू उत्तर पाठवत नाहीस. त्यामुळे माझंच पत्र आठवून आठवून मन खातं. मागच्या पत्रात लिहिलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं, पण खरं कारण त्यात नव्हतं. कडब्याचं काय, तो एका सकाळीत बाहेर निघतो.

खरं कारण असं. संस्थेच्या परवान्यात एक अट आहे. ज्याच्या घरात या पिकाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेला माणूस राहतो, त्याला सभासद होता येत नाही. कायदा पुढं बदलला, पण मागं झालेली शिक्षा पुसली जात नाही म्हणे. म्हणजे ज्यांनी लावून पचवलं ते सभासद, आणि जो पकडला गेला तो गुन्हेगार. मी बद्रीनाथाला म्हणाले, "अरे, मग साऱ्या गावात चोर एकटाच होता का?" तो टेबलावरचे कागद सारखे करत म्हणाला, "अक्का, कावून एवढं लावून घ्यायलात? नुसती सही हाय."

स्टँपवर छापलं होतं: माझा भाऊ बिभीषण माझ्या घरी राहत नाही व पुढेही राहणार नाही. 'राहत नाही' हे खरंच आहे, त्याला मी काय करू? पण 'राहणार नाही' हे लिहून देणारी मी कोण? पेन हातात घेऊन बसले. मागं रांग होती. कुणीतरी म्हणालं, "बाई, लवकर आटपा, टँकर यायलाय."

आणि टँकरचीच गोष्ट आहे रे. संस्थेचा टँकर पिकाला पाणी देतो आणि सभासदाच्या दारातली टाकीही भरतो. गावाचा टँकर चार चार दिवस तोंड दाखवत नाही. आपल्या विहिरीच्या तळाला नुसती ओल आहे. मी सही केली. केली आणि त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही. तू इथं असतास तर भांडला असतास, मी भांडले असते, आणि एकदाचं मोकळं झालं असतं. पत्रात भांडता येत नाही, हे मला आत्ता कळतंय.

पीक निघालं की बघू. तोवर येऊ नकोस, आणि विसरूही नकोस. काय लिहिते आहे मी, मलाच कळत नाही.

अक्का

२१ ऑक्टोबर

बिभीषणा,

तुझं कार्ड आलं!

पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, "एकच ओळ हाय, वाचू का?" मी त्याच्या हातातून हिसकावलंच. "पांडवाला चुना लावला का?" खाली नाव नाही, सही नाही. पण बांधावरच्या त्या पाच दगडांची चौकशी करणारा 'त्यो न्हवं' कसा असेल रे? मी रडले, मग हसले, मग बादलीत चुना कालवला. येळवसला अजून अवकाश आहे, पण मी कालच लावून आले. लिंबाखाली पाचही जण पांढरेफेक बसलेत. मधल्याला दोनदा लावला, लहानपणी तो तुझा होता.

आता इथलं सांगते, म्हणजे तू आलास तर बुजणार नाहीस. पीक छातीला लागलं आहे. पाणी कमी मागतं म्हणाले होते ना? माणसापेक्षा कमी मागत नाही. नळीतून ठिबकतं आणि आम्ही बघत बसतो. रानाभोवती तारेचं कुंपण आणि खांबावर कॅमेरा. वीज नसते तेव्हा कॅमेरा झोपतो आणि राखणदारही झोपतो. संध्याकाळी बाहेर पडताना बायांची झडती होते. पदर झटकायचा, अंबाडा सोडायचा. स्वतःच्या रानातून स्वतःच्या घरी जायला! छबुबाईनं पहिल्याच दिवशी झडती घेणारीला सुनावलं, "बघ बाई बघ, माज्या अंबाड्यात उवा हायत, त्याचा बी परवाना काढ." म्हाळूची मेंढरांची वाट कुंपणात गेली, तो वळसा घालून घालून शिव्या देतो.

शाळेत मास्तर पोरांना 'औषधी वनस्पती' म्हणायला लावतात. बीडला कोचिंग क्लासवाल्यांनी पाटी लावली आहे, गांजा लागवड पदविका, सहा महिन्यांत. सभासदाच्या पोराला मुली सांगून यायला लागल्यात. आणि महादेवाच्या देवळात आयुष्यभर चिलीम ओढत बसणारे म्हातारे हात चोळताहेत, कारण जे कधी चोरून सहज मिळायचं ते आता उघड्यावर कुंपणात आहे.

गेल्या आठवड्यात औषध कंपनीचा माणूस नर झाड ओळखायला शिकवून गेला. नराला बारीक गोळ्यांचे झुबके येतात, मादीला पांढरे केस. नर दिसला की उपटायचा, एकही ठेवायचा नाही. त्याची धूळ उडाली की मादीला बी धरतं आणि औषधाला तो माल चालत नाही. बाया त्याच्या तोंडावर हसल्या. छबुबाई म्हणाली, "माणसातला वळखायला जल्म जातो, झाडातला लवकर वळखू आला." कंपनीवाला लाजला बिचारा.

आम्ही सगळे उपटले. पण पांडवापाशी, लिंबाच्या सावलीत, चुना लावलेल्या दगडाला खेटून एक आलं आहे. झुबकेवालं. हात लावला आणि मागं घेतला. बापाचं बोलणं तुला आठवतंय ना? पांडवापाशी जे उगवेल ते येळवस होईस्तोवर उपटायचं नाही, तूर असो नाहीतर तण, ते त्यांचं. तुझं कार्ड आदल्याच दिवशी आलेलं. मला वाटलं, सहा वर्षांनी ह्यानं पांडवांची आठवण काढली आणि मी त्यांच्याच दारचं उपटू? एका झाडानं काय होतंय! ते तुझ्या नावानं राखलं आहे.

तू आणखी एक कार्ड लिही. दोन ओळींचं लिहिलंस तरी चालेल.

अक्का

२९ डिसेंबर

बिभीषणा,

काल येळवस झाली. दुष्काळातही येळवस कुणी सोडत नाही, हे एक बरं आहे. कडब्याची खोपटासारखी कोप केली, पांडव मांडले, मिसळभाज्यांची भज्जी केली, आंबील केली. आंबिलीला ताक नव्हतं, म्हाळूनं मेंढीचं दूध आणून दिलं, त्याचं विरजलं. रानाभोवती आंबील शिंपडत फिरले. पुढं चालणारा माणूस हवा असतो, तो नव्हता, म्हणून छबुबाईला पुढं केलं. ती येळवशीची आरोळी ठोकत चालली आणि मी मागून.

मग रिवाजाप्रमाणे एकमेकांच्या रानात जेवायला गेलो. आणि मी जे पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. छबुबाईच्या पांडवापाशी एक झाड. झुबकेवालं, हळद लावलेलं. बद्रीनाथाच्या रानात एक. त्याच्या चुलत्याच्या रानात एक. आणि अर्जुनरावांच्या रानात, कोपीच्या अगदी दाराशी, डोक्याएवढं वाढलेलं, त्याला तर त्यांच्या सुनेनं खणाचा तुकडा बांधलेला! सगळ्यांनी बघितलं आणि सगळे भज्जी खात राहिले. प्रत्येकाला वाटलं असणार, आपलं एकच आहे आणि ते देवाचं आहे. मी घास ताटात ठेवला. छबुबाईच्या कानाशी म्हणाले, "हे बरं न्हाई." ती म्हणाली, "खा गुमान. देवाच्या दारचं हाय, देव बघून घील."

पुढच्या आठवड्यात कापणी आहे. माल गेला की मी संस्था सोडणार, ठरवलं आहे. तो स्टँप परत मागणार. मग तू ये. या वेळी नक्की ये.

अक्का

८ जानेवारी

बिभीषणा,

येऊ नकोस. हे पत्र वाचशील तेव्हा निघायच्या तयारीत असलास तर पिशवी खाली ठेव.

कंपनीचा माणूस आला. फुलांचा पहिलाच बोंडका तळहातावर चोळला आणि फुंकर मारली. हातावर बी राहिलं, राळ्यासारखं. दुसरा चोळला, तिसऱ्या रानातला आणला, तेच. त्यानं हात झटकले आणि गाडीत जाऊन बसला. साऱ्या संस्थेच्या मालाला बी धरलंय. औषधाला घेता येत नाही म्हणाला. पाठोपाठ परवान्याचे साहेब आले. नर झाड कुठं राहिलं ते दाखवा, नाहीतर परवाना रद्द.

ते येणार हे अर्जुनरावांना सकाळीच कळलं होतं. त्यांना सगळं सकाळीच कळतं. साहेब शिवारात पोचेपर्यंत सगळ्यांचे पांडव मोकळे झाले होते. मी टँकरच्या रांगेत उभी होते. मला कुणी सांगितलं नाही.

तुझ्यावेळेसारखंच झालं बघ. अगदी तसंच. साहेबांना एकच झाड सापडलं, आपल्या बांधावरचं.

पण ह्या खेपेस ते माझं नाव घेत नाहीत, तुझं घेताहेत. झाड बांधाच्या कुठल्या अंगाला आहे ते बद्रीनाथानं टेप लावून मोजलं आणि सांगितलं, बिभीषणाच्या वाट्यात. मग कुणीतरी म्हणालं, शिक्षा झालेला माणूस आहे, गावावर खार खाऊन आहे. मग आणखी कुणी म्हणालं, मागं आला होता, आम्ही पाहिलं. कुणी पाहिलं रे? म्हाळू सोडून तुला सहा वर्षांत कुणी पाहिलेलं नाही! पण त्यांना हे सोयीचं आहे. संस्थेत बाहेरच्या गुन्हेगारानं घातपात केला असं लिहून दिलं की परवाना वाचतो. पुढच्या मंगळवारी सभा आहे. त्यात ठराव होणार, आणि मग पोलिसांत तक्रार.

अर्जुनराव स्वतः घरी आले होते. दारातल्या बाजेवर बसले, पाणी मागितलं, प्याले. म्हणाले, "सत्यभामाबाई, तुमच्याइषयी आमच्या मनात काई न्हाई. तुमी सभेत गप ऱ्हावा. तुमचं सभासदत्व ऱ्हाईल, टँकर ऱ्हाईल. भाऊ तर तिकडं परमुलखात हाय, त्याला काय फरक पडतो?"

मी म्हणाले, "त्याला परत आत टाकतील."

"सापडला तर. तुमी पत्ता द्यायचा न्हाई, आमी इचारायचा न्हाई."

एवढ्या गोड आवाजात बोलत होते की क्षणभर मलाही पटलं, हे कबूल करते. ते गेल्यावर मी तांब्या दोनदा घासला.

काय करू, तू सांग. सांगू नकोस. पत्र पोचून उत्तर येईतो सभा होऊन जाईल. तू फक्त तिथंच थांब, आणि कुणी नाव विचारलं तर म्हाळूला सांगितलंस तेच सांग.

अक्का

१५ जानेवारी

बिभीषणा,

संक्रांतीचा तीळगूळ पाकिटात घातला आहे, त्याचा चुरा झाला असेल. खा.

मंगळवारी सभा झाली. पारासमोर सतरंज्या, माईक तोच, नारळाच्या वेळचा. बद्रीनाथानं ठराव वाचला. गुन्हेगारी पार्श्वभूमीचा इसम बिभीषण याने द्वेषबुद्धीने नर झाड लावून संस्थेचं नुकसान केलं, वगैरे. मंजूर का, असं विचारलं. हात वर व्हायला लागले. जे लोक तुझ्या शेजारी पंगतीला बसले नव्हते त्यांचेच हात. बिभ्या, मी घरून काही ठरवून गेले नव्हते. खरं सांगायचं तर गप्प राहीन असंच वाटत होतं. टाकीत दोन दिवसांचं पाणी उरलं होतं. पण ते हात वर जाताना बघितले आणि मी उभी राहिले.

म्हणाले, "ते झाड माझं हाय. मी राखलं. मला ते नर हाय हे म्हाईत व्हतं, तरी राखलं. पांडवापाशीचं उपटत न्हाईत म्हणून राखलं. माझ्या भावानं सहा वर्सं गावात पाय ठिवलेला न्हाई."

अर्जुनराव माईकमधून हळूच म्हणाले, "बाई, बसा खाली."

मी बसले नाही. म्हणाले, "बसते. पर आधी सांगा, तुमच्या पांडवापाशी काय व्हतं? खण कुणी बांधला व्हता? येळवशीला समद्यांनी समद्यांच्या रानात जेवण केलं. एकानं तरी उठून म्हणावं, मी बघितलं न्हाई."

बिभ्या, ज्यांच्या रानात मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते सगळे जण सतरंजीची दशी उसवत बसले. बायासुद्धा. ज्यांनी माझ्यासोबत अंबाडा सोडून झडती दिली त्यासुद्धा. मला त्यांचा राग आला, आणि कीवही आली, कारण प्रत्येकीच्या घरी टाकी आहे. मग मागून छबुबाई गुडघ्यावर हात टेकत उठली. "माज्याबी पांडवापाशी व्हतं. सकाळी उपटून उकिरड्यात पुरलं. खोटं कशाला बोलू, उद्या वर जायचं हाय." तिच्या सुनेनं तिचा पदर ओढला, तरी बसली नाही.

ती एकटीच उठली. आणखी कुणी उठलं नाही.

परवान्याचे साहेब खुर्चीवर होते. त्यांनी दोघींचे जबाब घेतले. तो ठराव फाटला, त्याजागी दुसरा झाला. दोन सभासदांच्या अज्ञानामुळे नुकसान, दोघींना संस्थेतून काढण्यात येत आहे. परवाना वाचला. अर्जुनराव अजून चेअरमन आहेत, तेही सांगून टाकते, म्हणजे तुझ्या मनात भलती आशा नको. काल माझं सगळं पीक त्यांच्या माणसांनी उपटून बांधावर जाळलं. धूर गावावर गेला आणि देवळातले म्हातारे म्हणे अंगणात येऊन बसले होते. छबुबाई एवढी हसली की मलाही हसू आलं.

टँकर बंद झाला. छबुबाई आणि मी घागरी घेऊन वरच्या वाडीच्या हापशावर जातो. म्हाळूनं त्याचं गाढव दिलं आहे. पाणी गढूळ आहे, पण येतं. निभेल.

आता मी सभासद नाही. त्या स्टँपवर मी काय लिहून दिलं होतं त्याची आता कुणालाच गरज नाही. बद्रीनाथाकडं तो परत मागायला गेले, तर म्हणाला, "ठिवा आता, रद्दच हाय त्यो." मी तरी घेऊन आले आणि चुलीत घातला. तुझ्या खोलीतला कडबा आज सकाळी बाहेर काढला. पत्रा अजून उचकटलेला आहे, तो माझ्यानं होत नाही.

एक गोष्ट राहिली, आणि तीच लिहायला मी दोन दिवस पेन घेऊन उठबस करते आहे. सभा मोडायच्या आधी अर्जुनरावांनी भर लोकांत मला विचारलं. आवाज गोडच होता. "बाई, भावासाठी तुमी घर बुडवलं. त्यो तरी येनार हाय का तुमच्याकडं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. बिभ्या, मला काहीच माहीत नव्हतं. माझ्याकडं तुझं एका ओळीचं कार्ड आहे, दुसरं काही नाही. तरी मी म्हणाले, "येनार हाय. या अमावास्येच्या आत येनार हाय."

आता मला खोटी पाडू नकोस.

तुझी,
अक्का